पानाच्या कोपऱ्यातलं नाव : डी. जी. किरिआक

प्रश्न थोडक्यात असा आहे : "नाताळसाठी आमच्या हौशी कॉयरने 'ओ, चे वेस्ते मिनुनात' हे रोमेनियन कॅरोल, म्हणजे नाताळगीत, निवडलंय. स्वरलिपीच्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात डी. जी. किरिआक असं नाव छापलंय. हा कोण? त्याने काय काम केलं? आणि गाताना आम्ही काय सांभाळायचं?"

आधी एक गैरसमज काढून टाकतो. ही चाल किरिआकची नाही. ती लोकांची आहे. रोमेनियात नाताळच्या दिवसांत मुलं काठीवर कागदी तारा लावून दारोदार गात फिरतात. त्या ताऱ्याच्या गाण्यांपैकी हे एक. किरिआकने ते चार आवाजांसाठी बसवलं. "म्हणजे नुसतं अरेंजमेंटच ना?" असं कुणी म्हणेल. पण रोमेनियन वृंदगानाच्या दोन-तीन पिढ्यांचं सगळं डोकं याच कामात खर्ची पडलंय : एका आवाजात शेकडो वर्षं गायलं गेलेलं संगीत चार आवाजांत आणायचं कसं, तेही त्याचा जीव न घेता. रागसंगीतात वाढलेल्या माणसाला ही अडचण जितकी पटकन कळेल, तितकी जर्मन किंवा इंग्लिश कॉयरवाल्याला कळणार नाही, असं माझं मत आहे. म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वाद्य नसतं. ऑर्गन नाही, पेटी नाही, काही नाही. फक्त गळा. बायझंटाइन परंपरेतलं हे गायन एकसुरी आहे. एक गायक किंवा सगळे मिळून एकच चाल गातात आणि खाली काही जण आधारस्वर धरून राहतात. त्याला म्हणतात इसोन. सनईच्या शेजारी बसून नुसता सूर धरणारा साथीदार आठवा, तेच काम. चालींचे आठ गट आहेत. रोमेनियनमध्ये एका गटाला 'ग्लास' म्हणतात, म्हणजे आवाज. (प्यायचा नव्हे. आमच्याकडे पहिल्या तालमीला हा विनोद होतोच.) प्रत्येक ग्लासाची स्वरपंक्ती वेगळी, थांबायच्या जागा वेगळ्या, ठरलेल्या स्वरसंगती वेगळ्या. सहाव्या ग्लासातल्या अनेक चालींमध्ये सा, कोमल रे, शुद्ध ग, म अशी चढण येते. भैरवाचं पूर्वांग ओळखणाऱ्या कानाला ती लगेच घरची वाटते.

आधी हे गायन बरंचसं ग्रीक भाषेत चालायचं. ते रोमेनियन भाषेत नीट बसवून छापलं ते मकारिये नावाच्या एका साधूने, १८२३ मध्ये, व्हिएन्नात. त्याच्यानंतर आन्तोन पान्नने हे काम पुढे नेलं. ताऱ्याची गाणी गोळा करून छापणारा पान्न तो हाच, त्यामुळे तुमच्या कॅरोलच्या वंशावळीत तोही येतो. इथपर्यंत सगळं एकाच आवाजाचं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर वारं बदललं. नवं राज्य उभं राहत होतं, आधुनिक दिसायचं होतं आणि शेजारी रशियाच्या चर्चमध्ये भरदार चार आवाजी कॉयर गात होते. तसे कॉयर रोमेनियन चर्चमध्येही उभे राहिले. या पहिल्या पिढीतला मोठा माणूस म्हणजे गाव्रिइल मुझिचेस्कू. जन्म १८४७, इस्माइल गावी. सेंट पीटर्सबर्गच्या शाही चॅपलमध्ये तो शिकून आला आणि १८७६ पासून १९०३ मध्ये वारेपर्यंत याश शहरातल्या मुख्य चर्चचा कॉयर त्याने चालवला. शिक्षण रशियन ढंगाचं, पण कान गावाकडचा. १८८९ मध्ये त्याने बारा लोकगीतं कॉयरसाठी बसवली आणि पुढच्या वर्षी कॉयर घेऊन थेट ट्रान्सिल्व्हानियाचा दौरा केला. ट्रान्सिल्व्हानिया तेव्हा हंगेरीच्या ताब्यात होता, त्यामुळे तिथल्या रोमेनियन श्रोत्यांसाठी ते गाणं नुसतं गाणं नव्हतं. जाता जाता सांगतो, पियानोवादक दिनू लिपाती आणि पुढे राडू लुपू यांना घडवणारी फ्लोरिका मुझिचेस्कू ही याचीच मुलगी.

आता मूळ अडचण. ती माझ्याच फजितीवरून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक बायझंटाइन चाल आमच्या कॉयरसाठी चार आवाजांत बसवली. चाल साधारण काफीच्या स्वरांची होती : ग कोमल, नी कोमल. युरोपियन हार्मनीचं पुस्तक सांगतं की वाक्याचा शेवट दणक्यात करायचा तर पंचमाची कॉर्ड घ्या आणि मग षड्जावर या. पंचमाच्या त्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद लागतो. मी तो आल्टोला, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाला, दिला. सोप्रानोच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या आवाजाच्या, मूळ चालीत मात्र कोमल निषाद होता. दोन्ही एकमेकांवर आपटले, म्हणून मी सोप्रानोचाही निषाद शुद्ध केला. कागदावर सगळं गुळगुळीत झालं. तालमीत एक आजी, ज्यांना नोटेशन अजिबात वाचता येत नाही, त्या म्हणाल्या, "अहो, शेवटाला ते गाणं दुसऱ्याच कुणाचं होतं की!" अगदी खरं होतं. एक स्वर हलवला आणि अख्खा राग मोडला.

पहिल्या पिढीच्या चर्चसंगीतात नेमकं हेच पुन्हा पुन्हा घडत होतं. किरिआकने त्यावर तोड शोधली.

दुमित्रू जॉर्जेस्कू-किरिआकचा जन्म १८ मार्च १८६६ चा, बुखारेस्टचा. तिथल्याच कॉन्झर्व्हेटरीत शिकला आणि १८९२ मध्ये पॅरिसला गेला. तिथे त्याला दोन गोष्टी एकाच वेळी मिळाल्या, आणि माझ्या मते त्याचं पुढचं सगळं काम या योगायोगातून निघालं. पहिली म्हणजे नोकरीवजा जबाबदारी. लॅटिन क्वार्टरमध्ये, र्यू झाँ-द-बोव्हे नावाच्या गल्लीत, एका मध्ययुगीन कॉलेजचं जुनं चॅपल आहे. १८८० च्या दशकापासून ते पॅरिसमधल्या रोमेनियन लोकांचं चर्च आहे. तिथला कॉयर किरिआककडे आला. म्हणजे दर रविवारी गाणारी खरी माणसं हाताशी, आणि त्यांना गायला काहीतरी द्यायचं.

दुसरी गोष्ट स्कोला कान्तोरुम. व्हँसाँ दँदी आणि त्याच्या साथीदारांनी काढलेल्या या संस्थेत ऑपेराच्या चकचकाटाला फारसा मान नव्हता. विद्यार्थ्यांना ग्रेगोरियन चाली (कॅथलिक चर्चचं जुनं एका आवाजाचं गायन) आणि सोळाव्या शतकातल्या पालेस्त्रीनाची वृंदरचना घोटावी लागे, लोकगीतं आदराने ऐकली जात. त्यातला मुख्य संस्कार असा की जुन्या चालींचे मोड, म्हणजे त्यांच्या स्वरपंक्ती, हे अर्धवट राहिलेले मेजर-मायनर नव्हेत. त्यांचा स्वतःचा कायदा आहे आणि हार्मनी त्या कायद्यातूनच काढायला हवी. फ्रेंच लोक हे आपल्या ग्रेगोरियन चालींसाठी शिकवत होते. किरिआकच्या कानात मात्र आपल्या चर्चमधले आठ ग्लास वाजत असणार. हत्यार परक्यांचं, काम घरचं.

यातून त्याची 'साल्टिक लिटर्जी' आली. लिटर्जी म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचं गायन. 'साल्टिक' म्हणजे त्या जुन्या बायझंटाइन-रोमेनियन परंपरेतली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची ही रचना. तिच्यामागचा विचार मी माझ्या कॉयरला असा समजावतो : बास (पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज) उठून फिरायला लागायच्या आधी त्याला बसू द्या. जुन्या गायनातला इसोन इथे बासच्या लांब धरलेल्या स्वरात उतरतो. वर चाल आपल्या मोडमधून जात राहते आणि कोमल निषाद कोमलच राहतो. वाक्य संपवायला पंचमाचा धक्का नको, मध्यमाकडून षड्जावर हलकेच उतरलं की झालं. काही जागी सगळे आवाज एकाच चालीवर येतात आणि मग पंख्यासारखे उघडतात. कॉर्डमध्ये गंधार नसला तरी बिघडत नाही. नुसत्या सा-प वर ती उभी राहते आणि ते रितेपण कानाला गोड लागतं. लय शब्दांच्या मागे जाते, मात्रा मोजत नाही.

कागदावर हे फार साधं दिसतं. हुशार विद्यार्थी पहिल्यांदा असलं पान पाहून नाक मुरडतात, कारण त्यांनी शिकलेली अर्धी हार्मनी त्यात कुठे दिसतच नाही. ती गाळायला किती शिक्षण लागलं असेल, हे गायला बसल्यावर कळतं.

हेही कबूल करायला हवं की किरिआकलाही सगळं वाचवता आलं नाही. जुन्या साल्टिक गायनातले काही स्वर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे पडतात. चार आवाज एकमेकांशी जुळवायचे तर त्या श्रुती सोडाव्या लागतात. पेटीवर श्रुती बसत नाहीत ही आपल्याकडची जुनी तक्रार, तशीच ही. शुद्धतावादी साल्टिक गायक म्हणेल की चार आवाज आले तिथेच गाणं संपलं. मला ते पटत नाही, पण त्याला उडवूनही लावता येत नाही. जुन्या पद्धतीने एखादा चांगला गायक आणि खाली नुसता इसोन असं ऐकलं, की त्याचं म्हणणं काय आहे ते अंगावर येतं.

किरिआक मायदेशी परतला आणि १९०० पासून बुखारेस्टच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवू लागला. १९०१ मध्ये त्याने 'कारमेन' ही गायनसंस्था काढली. नावाने फसू नका, ऑपेराशी संबंध नाही. लॅटिनमध्ये कारमेन म्हणजे गीत. त्याच वर्षी पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या जॉर्जे एनेस्कूने आपली पहिली रोमेनियन ऱ्हापसडी लिहिली. ती जगभर वाजली आणि अजून वाजते. एकाच वर्षी, तशाच लोकसंगीताच्या खाणीतून एकाने ऑर्केस्ट्राची आतषबाजी काढली आणि दुसरा संध्याकाळी हौशी गायकांना गोळा करून आवाज जुळवत बसला. एनेस्कू मोठाच, त्यात वाद नाही. पण त्या देशात गाणाऱ्या माणसांची फळी उभी राहिली ती या दुसऱ्या प्रकारच्या कामातून.

किरिआकची यादी काही मोठी नाही. सिम्फनी नाही, ऑपेरा नाही. लिटर्जी, बसवलेली लोकगीतं आणि कॅरोल, 'मोरारुल' म्हणजे 'गिरणीवाला' यासारखी गाणी, कोश्बुक आणि एमिनेस्कू यांच्या कवितांना दिलेल्या चाली, शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेली गाणी. मुलांच्या गाण्यांना संगीताच्या इतिहासात सहसा अर्धी ओळ मिळते. पण कॉयर चालवणाऱ्याला माहीत असतं की सातव्या वर्षी ज्याने दुसरा आवाज धरून गायलंय, त्याला तिसाव्या वर्षी टेनर शिकवणं अर्धं सोपं होतं.

लोकगीतांकडे तो नुसता कच्चा माल म्हणून पाहत नव्हता, त्याला संग्रहाचंही महत्त्व कळत होतं. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक १९०९ पासून बिहोर भागातल्या रोमेनियन खेड्यांत फिरून गाणी टिपत होता. बिहोर तेव्हा हंगेरीत होता. बार्टोकचा तो संग्रह, ३७१ चाली, रोमेनियन अकादमीने १९१३ मध्ये छापला, आणि त्या संदर्भात बार्टोक आणि किरिआक यांचा पत्रव्यवहार झाला. दोन देशांचं एकमेकांशी फारसं पटत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट आहे. पुढे १९२० मध्ये रोमेनियन संगीतकारांची संस्था निघाली. अध्यक्ष एनेस्कू, चिटणीस कॉन्स्टान्टिन ब्राइलोयू आणि संस्थापकांत किरिआक. ब्राइलोयूने या संस्थेत लोकसंगीताचं अभिलेखागार सुरू केलं ते १९२८ साली. त्याच वर्षी ८ जानेवारीला किरिआक बुखारेस्टमध्ये वारला होता.

त्याच्या शिष्यांपैकी दोन नावं तुम्हाला पुढेही भेटतील. एक गेओर्गे कुकू. त्याने बसवलेलं 'डोम्नुलेत्स शी डोम्न दिन चेर' हे कॅरोल तुमच्या कॅरोलइतकंच गायलं जातं, आणि मला तर ते थोडं अधिकच आवडतं. दुसरा योआन किरेस्कू. 'कारमेन' त्याने गुरूनंतर वीसहून अधिक वर्षं सांभाळली.

आता तुमच्या पानाकडे वळू.

उच्चारापासून सुरुवात करा, कारण इथे मराठी माणसाला आयतं घबाड मिळालंय. रोमेनियनमध्ये रोमन a वर चंद्रकोरीसारखी खूण असलेलं (ă) एक अक्षर आहे. त्याचा उच्चार जवळजवळ आपल्या 'अ' सारखा. इंग्लिश कॉयर त्याचा 'आ' तरी करतात किंवा 'ऑ' तरी. आपण सरळ 'अ' म्हणायचं. फक्त एक सांभाळा : बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळतो. 'मिनुनात' लिहिलेलं पाहिलं की 'मिनुनात्' म्हणून मोकळे होतो. इथे त चा 'अ' पूर्ण गायचा, मि-नु-ना-त अशी चार अक्षरं. जुन्या कवितेत वृत्तासाठी आपण शेवटचा 'अ' उच्चारतो, तसाच.

पहिल्या दोन ओळी आठ-आठ अक्षरांच्या, मग पाच, पाच आणि सहा. 'ओ चे वेस्-ते मि-नु-ना-त' मोजा, आठ भरतील. तिसरी ओळ 'आस्तझि सा नस्कुत' म्हणजे 'आज जन्मला'. इथे 'आस्तझि' दोनच अक्षरी. शेवटची इ नुसती श्वासात सुटते, तिच्यावर स्वर नाही. आमच्याकडे पहिल्यांदा सगळ्यांनी ती ठणठणीत गायली. ओळ सहा अक्षरांची झाली आणि टेनर एक स्वर मागे राहिले. ही ओळ आधी नुसती टाळ्या वाजवत म्हणून घ्या.

'च' चे दोन उच्चार रोमेनियनमध्ये आहेत आणि आपल्याकडेही आहेत! 'चार' मधला आणि 'चोर' मधला. तुमच्या कॅरोलमधले 'चे', 'चेल', 'प्रोरोची' हे सगळे 'चार' मधले. कुकूचं कॅरोल घेतलंत तर 'डोम्नुलेत्स' च्या शेवटी 'चोर' मधला च आणि 'चेर' मध्ये 'चार' मधला, एकाच शीर्षकात दोन्ही. मी हे नुसतं फळ्यावर लिहितो, वेगळं शिकवावं लागत नाही. अडेल तो 'इन बेतलेएम' मधला पहिला स्वर. तो आपल्याकडे नाही. 'ई' म्हणायला तोंड तयार करा, ओठ तसेच ठेवा आणि जीभ मागे ओढा. दहा मिनिटं हसतील, मग जमेल.

गायकीबद्दल. हे घरोघरी गायचं गाणं आहे, कॅथीड्रलमधलं नव्हे. आवाज थरथरवू नका आणि फार गोलही करू नका. पट्टी तुमच्या सोप्रानोंना बोलल्यासारखी वाटेल अशी घ्या. पानावर दुसरी असली तरी अर्धा-एक स्वर खाली आणायला हरकत नाही. शेवटच्या तीन ओळी पुन्हा येतात. पहिल्यांदा बातमी सांगितल्यासारख्या म्हणा, दुसऱ्यांदा ती स्वतःलाच पटल्यासारख्या. दुसऱ्यांदा मोठ्याने गायचा मोह होईल. मी उलट करतो, हळू गातो.

कॅरोल बसल्यावर जीव रमला आणि त्याच्या लिटर्जीतलं काही घ्यावंसं वाटलं, तर आधी बासची तयारी करा. लांब स्वर धरणं हे कॉयरमधलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात अवघड काम. अर्ध्या मिनिटात सूर उतरतो. आम्ही दोन उपाय करतो. श्वास आळीपाळीने घ्यायचा, शेजाऱ्याच्या बरोबर कधीच नाही, म्हणजे स्वर तुटत नाही. आणि तालमीत तानपुऱ्याचं ॲप लावून बासना दहा मिनिटं नुसता षड्ज धरायला लावायचं, वर कुणी काही गात नसताना. बाहेर कुठे नसेल पण आपल्याकडे ही सवय आयती आहे. आमच्या बासमधले एक काका भजनी मंडळातले. त्यांना इसोन काय ते समजावून सांगायला लागलो, तर म्हणाले, "म्हणजे सूर द्यायचा ना? मग एवढं बोलताय कशाला, द्या पट्टी."